मालवणात फ्लॅट, कोल्हापुरात हप्ता

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरात एक युक्तिवाद इतका रुळलाय, की तो खोडायला गेलं तर समोरचा आधी तुमची ऐपत जोखतो. युक्तिवाद असा: वर्षातनं दोन-तीनदा आपण कोकणात जातोच. दर वेळी हॉटेलवाल्याला दहा-पंधरा हजार मोजतो आणि हातात काही राहत नाही. त्यापेक्षा मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, गणपतीपुळे, नाहीतर थेट गोव्यात एक फर्निश्ड वन-बीएचके घेऊन टाकावा. बॅग उचलायची आणि सुटायचं. आपण नसू तेव्हा भाड्याने द्यायचा, म्हणजे हप्ता भाड्यातनं फिटतो. आणि जागेचा भाव काय, वाढतोच. राजारामपुरीतले डॉक्टर, गुजरीतले सराफ, मार्केट यार्डातले गुळाचे अडते, निवृत्त प्राध्यापक, सगळ्यांच्या तोंडी हेच मुद्दे आणि याच क्रमाने. क्रम एजंटाच्या पत्रकातला आहे, म्हणून तो चुकत नाही.

यातला प्रत्येक मुद्दा सुटा घेतला तर थोडाफार खरा आहे. पण हे सगळे एकाच फ्लॅटबद्दल एकाच वेळी खरे होत नाहीत. तुम्ही मनसोक्त वापराल तो फ्लॅट भाडं देणार नाही. भाडं देईल तो तुम्हाला हव्या त्या दिवशी रिकामा मिळणार नाही. आणि फर्निचरसाठी जे पैसे मोजाल ते जमिनीच्या भावाबरोबर कधीच वाढणार नाहीत. विकणारा मात्र तिन्हीची किंमत एकदम वसूल करतो.

हॉटेलच्या बिलापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांचा राग तिथेच आहे. समजा फ्लॅट फर्निचरसकट 50 लाखांना पडला. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि बांधकाम चालू असताना घेतला तर जीएसटी धरून आकडा आणखी तीन ते पाच लाखांनी वर जातो. तो वाद नको, 50 लाखच धरू. हे पैसे साध्या मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सव्वातीन लाख व्याज होतं. प्राप्तिकर गेला तरी सव्वादोन-अडीच लाख उरतात. तारकर्लीत एसी, न्याहारीसकट, बरी खोली चार हजारांत मिळते असं धरलं, तर नुसत्या व्याजावर साठेक रात्री निघतात. मुद्दल शाबूत. वर्षाला साठ रात्री समुद्रकाठी काढणारा कोल्हापूरकर मला कुणीतरी दाखवावा. मग दुकान कोण बघतं, तेही विचारून घेऊ.

कर्ज काढून घेणाऱ्याचं गणित याहून वाईट आहे. 40 लाखांचं कर्ज, वीस वर्षं, पावणेनऊ टक्के, म्हणजे महिन्याला 35 हजारांच्या वर हप्ता आणि वर्षाला सव्वाचार लाख. ‘पण व्याजावर करसवलत मिळते की’ हे उत्तर तयारच असतं. नव्या करप्रणालीत स्वतःच्या वापरातल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत मिळते, पण दोन्ही घरं मिळून दोन लाखांपर्यंतच. शहरातल्या घराचं कर्ज चालू असेल तर ती मर्यादा बहुधा तिथेच संपलेली असते.

आता भाडं. पंगतीत हा मुद्दा आला की माणसं मोबाइल काढून एका रात्रीचा दर दाखवतात आणि त्याला तीसने गुणतात. कोकणाचं वर्ष असं गुणता येत नाही. मेच्या अखेरीला सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद होते, स्कूबा आणि बाकी जलक्रीडा बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. 1 जूनला मासेमारी बंदी लागते. ताजं सुरमई-पापलेट नाही, किल्ला नाही, पाण्यात उतरायचं नाही, वर तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. पावसाळी कोकणाचे भक्त असतात, मीही त्यातलाच, पण आमच्यासारख्यांच्या जिवावर बँकेचा हप्ता जात नाही. पावसाळा सोडला तर उरले आठ महिने, म्हणजे चौतीस-पस्तीस शनिवार-रविवार. त्याच इमारतीत तुमच्यासारखेच तीस-चाळीस फ्लॅट त्याच पाहुण्याची वाट बघतायत. दिवाळी, नाताळ आणि मे महिना धरून साठ रात्री भरल्या, तर नशीब चांगलं म्हणायचं. साडेतीन हजारांनी दोन लाख दहा हजार होतात. त्यातनं बुकिंग अॅपचं कमिशन, किल्ली देणाऱ्या आणि पाहुण्यांचं बघणाऱ्या माणसाचा वाटा, चादरी धुणं, वीज आणि महिन्याचा मेन्टेनन्स काढला, की हातात लाखभरही राहत नाहीत. समोर सव्वाचार लाखांचा हप्ता.

खरी गोम मात्र त्या साठ रात्रींच्या आत आहे. सगळ्यात महाग रात्री कुठल्या? भाऊबीजेनंतरचा आठवडा, नाताळ ते 31 डिसेंबर, मे महिन्याची सुट्टी. आणि तुमच्या पोरांना सुट्टी कधी असते? बायकोच्या माहेरची मंडळी कधी येतात? तुमची सुट्टी आणि भाडेकरूची सुट्टी एकाच कॅलेंडरवर छापलेली आहे. तुम्ही गेलात की भाडं बुडालं आणि भाडं घेतलंत की तुम्ही रंकाळ्यावर भेळ खात बसलात. पहिल्या दिवाळीला सगळे हौसेनं जातात. दुसऱ्या दिवाळीला एजंटाचा फोन येतो, ‘साहेब, नऊ हजार द्यायला तयार आहेत, काय करू?’ तिथून पुढे तुम्ही एका लॉजचे हंगामी कारकून असता, तेही दीडशे किलोमीटरवरून.

काही बिल्डर ही कटकटच नको म्हणून ‘खात्रीशीर भाडं’ देतात. तीन वर्षं दरमहा ठरलेली रक्कम, खोली भरो न भरो. इथे एकच प्रश्न विचारावा: एवढं खात्रीचं उत्पन्न असेल तर हा माणूस खोल्या विकतोय कशाला? ती रक्कम बहुतेक वेळा किमतीतच आधी चढवलेली असते, म्हणजे आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने परत. भाड्याचा करार अनेकदा बिल्डरच्या कंपनीशी नसून वेगळ्याच, कालपरवा काढलेल्या ‘हॉस्पिटॅलिटी’ फर्मशी असतो. चौथ्या वर्षी त्या फर्मचा बोर्ड उतरतो आणि दावा लावायला समोर कुणी उरत नाही.

‘फर्निश्ड’ या शब्दाकडे मला जरा सावकाश बघायचंय, कारण सौदा पटतो तो तिथेच. नमुना फ्लॅट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दाखवतात. पांढरी चादर, निळ्या उशा, भिंतीवर होडीचं चित्र, मंद दिवे, एसी चालू. तोच फ्लॅट जूनमध्ये बंद करून दसऱ्याला उघडा. कुलपात किल्ली फिरत नाही, खालच्या वॉचमनकडून खोबरेल मागून घ्यावं लागतं. दार ढकललं की आधी वास येतो, गादीचा. बॉक्स-बेडचं झाकण उचललं तर आतल्या रजयांवर हिरवट-काळे ठिपके. वॉर्डरोबचा प्लायवूड म्हणून सांगितलेला पल्ला खालच्या कडेला फुगून लॅमिनेट सोडतो, आणि आतला भुसा दिसला की कळतं की तो पार्टिकल बोर्ड होता. बिजागऱ्यांचे स्क्रू तांबूस झालेले, त्यातला एखादा पिळला की डोकं हातात येतं. फ्रिज बंद करताना दार उघडं ठेवायचं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून रबर काळं पडलंय. बाल्कनीतल्या एसीच्या बाहेरच्या युनिटचे पत्रे खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेत. किचनच्या ओट्याखाली पालींचा संसार. पहिले दोन दिवस साफसफाईत जातात. घरात कोण साफ करतं हे सांगायला नको. रविवारी दुपारी गाडी परत घाटाला लागते.

कोकणातली माणसं मूर्ख नव्हती. त्यांची जुनी घरं जांभ्याची, उतरत्या कौलांची, पडवीची. पावसाच्या तोंडावर वाऱ्याच्या बाजूला चुडतांचे झाप लागतात, आत रोज चूल पेटते, धुरानं लाकूड कोरडं राहतं आणि मुख्य म्हणजे घरात माणूस असतो. खाऱ्या, दमट हवेत घर टिकतं ते वावरानं. बंद ठेवलेलं आणि फर्निचरनं भरलेलं, अशी दोन्ही वर्णनं एकाच घराला लागू करणं ही घाटावरची कल्पना आहे.

या फर्निचरचे कागदही बघावेत. बरेचदा करार दोन होतात: फ्लॅटचा नोंदणीकृत आणि फर्निचरचा साध्या स्टॅम्पवर. ‘तेवढंच मुद्रांक शुल्क वाचतं’ असं कौतुकानं सांगतात. पुढे काय होतं? रेरा कायद्यानं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरवर टाकली आहे. फुगलेला पल्ला आणि बुरसटलेली गादी मात्र त्या दुसऱ्या कागदावर आहेत, त्यांच्यासाठी महारेराकडे गेलात तर वाद तिथून सुरू होतो. सहा-सात लाखांचं म्हणून घेतलेलं सामान आपल्या कोल्हापुरातल्या सुताराला दाखवा आणि त्याचा आकडा ऐका. विकायला काढलात तर पुढचा गिऱ्हाईक त्याची किंमत शून्य धरतो, शिवाय ते उचलून न्यायचा खर्चही तुमच्याकडे मागतो.

आता ‘भाव वाढतोच’. वाढते ती जमीन, बांधकाम जुनं होतं. चार मजली इमारतीतल्या वन-बीएचकेच्या वाट्याला जमिनीचा किती तुकडा येतो? आणि तोही तुमच्या नावावर नसतो. जमीन सोसायटीच्या नावावर होण्यासाठी आधी सोसायटी व्हावी लागते, मग अभिहस्तांतरण, बिल्डरनं केलं नाही तर मानीव अभिहस्तांतरण. शहरात हे करताना नाकीनऊ येतात. इथे तर मालक कोल्हापूर, बेळगाव, पुणे, दादर आणि दुबईत. वार्षिक सभेला कोरम कुठून आणायचा? लिफ्ट बंद पडली की प्रत्येक जण म्हणतो, मी वर्षातनं चार दिवस येतो, मी का भरू? बल्गेरियात काळ्या समुद्राकाठी सनी बीच नावाचं गाव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे ब्रिटिशांनी असेच सजवलेले फ्लॅट स्वस्त म्हणून घेतले. 2008 च्या मंदीत भाव कोसळले, तरी दर वर्षीचा मेन्टेनन्स चालूच राहिला आणि गिऱ्हाईक मिळेना. लांब कशाला, आपल्या मोसे खोऱ्यातलं लवासा घ्या. 2010 च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सुट्टीचं घर म्हणून तिथे पैसे गुंतवणारी मराठी मध्यमवर्गीय माणसं थोडी नव्हती.

भाववाढीचं समर्थन नेहमी नकाशावर होतं. चिपीचा विमानतळ दाखवतात. त्याचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 ला झालं आणि तेव्हापासून तिथली विमानसेवा कधी चालू, कधी बंद. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे दाखवतात. ती 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाली आणि गाडी अजून कागदावरच धावते. शक्तिपीठ महामार्ग दाखवतात. आपल्याच जिल्ह्यातले शेतकरी ज्या रस्त्याविरुद्ध मोर्चे काढतात, त्यांच्या मोर्च्याला सकाळी पाठिंबा द्यायचा आणि संध्याकाळी त्याच रस्त्याच्या भरवशावर टोकन द्यायचं, ही कसरत मी जवळून पाहिलेली आहे. रस्ता म्हणून आज हातात आहेत ते घाट. करुळचा घाट 2024 च्या जानेवारीत कामासाठी बंद झाला आणि वर्षभराहून जास्त बंद राहिला, सगळी वाहतूक भुईबावडा आणि फोंड्यावर. 2021 च्या जुलैत आंबा घाट खचला होता. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा झाला, त्याला आता पाव शतक उलटून गेलं. भाव वाढला नाही असं मी म्हणत नाही. ज्यांच्याकडे तेव्हा रस्त्याकडेची गुंठाभर स्वच्छ जमीन होती त्यांचा वाढला. तिसऱ्या मजल्यावरच्या सोफ्याचा वाढला नाही.

समुद्र दिसतो म्हणून जो भाव घेतात, त्याची एक बाजू कायद्यात आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 ची, मग 2011 ची, आताची 2019 ची. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत या नियमांचा अंमल. ग्रामीण भागात दाट वस्ती नसेल तिथे पहिल्या 200 मीटरांत नवं बांधकाम नाही, दाट वस्तीच्या गावांत 2019 नंतर ही मर्यादा 50 मीटरवर आली. म्हणजे एकाच किनाऱ्यावर दोन गावांना दोन नियम, आणि एजंट नेहमी सोयीचा तेवढा सांगतो. ‘एवढी मोठी बिल्डिंग, बँकेनं कर्ज दिलंय, बेकायदा कशी असेल?’ केरळात कोचीजवळच्या मरडूत हेच म्हणत होते. चार टोलेजंग संकुलं, नोंदणी झालेली, घरपट्टी भरलेली, कर्ज चालू. सर्वोच्च न्यायालयानं मे 2019 मध्ये ती पाडायला सांगितली आणि 11 व 12 जानेवारी 2020 ला स्फोटकं लावून ती जमीनदोस्त झाली. तीनशेहून अधिक फ्लॅट होते त्यांत.

नकाशावरच्या रेषेला हसू नये, हे तरी कोल्हापूरकराला शिकवायची गरज नव्हती. 2019 आणि 2021 ला पंचगंगा आली तेव्हा निळी पूररेषा कुठे होती आणि एनए कुणी दिला, याची चर्चा नागाळा पार्कात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, व्हीनस कॉर्नरला कंबरभर पाण्यात उभं राहून झाली. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोका हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. तोच माणूस देवबागला जातो, जिथे एका हाताला कर्ली नदी आणि दुसऱ्या हाताला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी, जिची धूप गावकरी वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत, आणि विचारतो काय, तर ‘बाल्कनीतनं संगम दिसतो ना?’ मे 2021 चं तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून गेलं होतं.

माझ्या विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा हिशेबाचा नाहीच. ते म्हणतात, तुम्ही सगळं पैशात मोजता. समुद्राकाठी आपलं स्वतःचं दार असणं, आपली कपबशी, आपली उशी, त्याला मोल नाही. आणि कोकण आपल्याला परकं थोडंच आहे? नाहीच. सिंधुदुर्ग किल्ला करवीरच्या गादीकडेच होता, 1812 च्या तहात मालवणचं बंदर इंग्रजांना द्यावं लागलं. किल्ल्यातल्या शिवराजेश्वराशी कोल्हापूरचं नातं अजून आहे. ही ओढ खरी आहे आणि मला तिची टिंगल करायची नाही. पण आपलं दार म्हणजे काय, हे कोकणालाच विचारावं. मुंबईच्या चाकरमान्यांची हजारो घरं तिथे बंद आहेत. ती घरं उभी आहेत ती शेजारच्या चुलत्यामुळे, जो संध्याकाळी दिवा लावतो, पावसात कौल सरकलं तर चढून बसवतो आणि चतुर्थीला सगळे यायच्या आधी विहीर उपसून ठेवतो. तुमच्या फ्लॅटच्या शेजारी कोण आहे? दुसरा बंद फ्लॅट. गावात तुम्हाला नावानं ओळखणारा एकच, एजंट, आणि तोही फ्लॅट विकून होईपर्यंत.

शिवाय त्या गावालाही तोंड आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, किनाऱ्यालगतच्या खाऱ्या होतात, त्याच दिवसांत तुमच्या इमारतीचा टँकर दारावरून जातो. गोव्यात 2007 साली लोकांनी रस्त्यावर येऊन अख्खा प्रादेशिक आराखडा सरकारला मागे घ्यायला लावला. इंग्लंडात सेंट आइव्हज या किनाऱ्यावरच्या गावानं 2016 मध्ये मतदान घेऊन सुट्टीपुरत्या नव्या घरांना नाही म्हटलं. बार्सिलोनानं पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या फ्लॅटचे सगळे परवाने 2028 पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. आपल्याकडे ही वेळ येणार नाही असं समजून वीस वर्षांचं कर्ज घेणं धाडसाचंच आहे. त्यापेक्षा निवास-न्याहारीची घरं बरी. त्या योजनेमागची कल्पना अशी, की मालकीणबाई घरात असतात आणि पाहुण्याला आंबोळ्या गरम मिळतात. चार हजारांपैकी बहुतेक पैसे त्या गावात राहतात आणि गादीला बुरशी लागणं ही तुमची काळजी नसते.

‘मुलांसाठी घेतोय’ म्हणणाऱ्यांना थोडक्यात: मुलं हिंजवडीत आणि म्युनिकला आहेत. त्यांना विचारलंत का?

एवढं ऐकूनही ज्याला घ्यायचाच आहे त्यानं घ्यावा, पैसे त्याचे आहेत. पण मग नवा, फर्निश्ड, बुकिंग चालू असलेला घेऊ नये. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीतला, दुसऱ्याच्या हातचा घ्यावा. त्यावर जीएसटी लागत नाही, भरतीरेषेपासूनचं अंतर मोजून घेता येतं, सोसायटी आहे की नाही ते दिसतं. महारेराचा नंबर टाकून प्रकल्पाची कुंडली बघावी. 2023 च्या ऑगस्टपासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे, नसेल तर तिथेच थांबावं. फ्लॅट बघायला जुलै-ऑगस्टात जावं, सोबत सुतार न्यावा. आणि असा फ्लॅट मिळेल का ही काळजी करू नये. मालवणात विकाऊ फ्लॅट भरपूर आहेत, ‘फुल्ली फर्निश्ड, फारसा न वापरलेला, किंमत बसून ठरवू’ म्हणणारे. बहुतेकांचे मालक आपल्याच पेठांतले निघतील.